आधी सेव्ह, मग गेम

नमस्कार मंडळी.

जुन्या गेमची प्रत काढायची म्हटलं की बहुतेक जण कपाटातली सगळ्यांत लाडकी कॅसेट उचलतात आणि तिच्यातला गेम संगणकावर उतरवायला बसतात. हा क्रम मला पटत नाही. का पटत नाही, तेच आज सांगायचं आहे. आधी तुमचा सेव्ह, म्हणजे गेममध्ये साठवून ठेवलेली तुमची प्रगती, वाचवा. त्यानंतर ज्या कॅसेट आणि डिस्क मुख्यतः आपल्याच भागात खपल्या, त्यांच्याकडे वळा. जगभर लाखोंनी विकले गेलेले गेम सगळ्यांत शेवटी घेतलेत तरी चालेल, त्यांना घाई नाही.

पोकेमॉन रेड या गेमची कॅसेट घेऊ, निन्टेन्डोच्या गेमबॉय या हातात धरून खेळायच्या मशीनची. आपल्याकडे ती दुकानातून कमी आली आणि आखातातून किंवा अमेरिकेतून येणाऱ्या काका-मामांच्या बॅगेतून जास्त आली. तिच्या आतल्या बोर्डवर दोन अगदी वेगळ्या स्वभावाच्या मेमरी आहेत. पहिली मास्क रॉम, १ एमबीची. चिप कारखान्यात घडते तेव्हाच तिच्यातले शून्य आणि एक पक्के होतात, ते टिकवायला वीज लागत नाही. म्हणूनच १९८३ साली जपानमध्ये निन्टेन्डोचा फॅमिकॉम हा टीव्हीला जोडायचा कन्सोल आला, त्या सुमाराच्या कॅसेटसुद्धा टोकं पुसून लावल्या की बहुतेक वेळा आजही चालतात. दुसरी मेमरी फक्त ३२ केबीची, एसरॅम. तुम्ही कुठल्या गावात थांबला होतात, कुठला पोकेमॉन कितव्या लेव्हलला होता, त्याला काय नाव दिलं होतंत, किती तास खेळला होतात, हे सगळं तिच्यात. या मेमरीला सतत वीज हवी. मशीन बंद असताना ती वीज बोर्डवर सोल्डर केलेला नाण्याएवढा लिथियम सेल पुरवतो. सेल संपला की ते ३२ केबी गेले, आणि गेल्यावर कुठल्याही दुरुस्तीवाल्याकडे त्यावर इलाज नाही.

पहिल्या मेमरीतला १ एमबी लाखो घरांत तंतोतंत तसाच आहे. दुसरीतले ३२ केबी सगळ्या जगात एकट्या तुमच्याकडे आहेत. मग घाई कशाची करायची, ते तुम्हीच ठरवा.

पोकेमॉन रेड आणि ग्रीन जपानमध्ये १९९६ मध्ये आले, म्हणजे या सेलांचं वय किती झालं याचा हिशोब करा. काही अजून तग धरून आहेत, पण त्यावर विसंबू नका. गोल्ड आणि सिल्व्हरची गोष्ट आणखी नाजूक. ते १९९९ चे, म्हणजे वयानं लहान, पण त्यांच्या कॅसेटमध्ये घड्याळ आहे. गेममध्ये दिवस आणि रात्र होते ती या घड्याळामुळे, आणि ते चालवायचं कामही त्याच सेलकडे. त्यामुळे तो लवकर उतरतो. घरात रेड आणि गोल्ड दोन्ही असतील तर आधी गोल्ड हातात घ्या. गेमबॉय अ‍ॅडव्हान्सवरच्या रुबी आणि सफायरमध्ये मात्र सेव्ह फ्लॅश मेमरीत असतो, सेल फक्त घड्याळासाठी. सेल संपल्याची सूचना पडद्यावर येते आणि ती पाहून लोक हवालदिल होतात. तिथे सेव्हला काही झालेलं नसतं, वेळेवर अवलंबून असलेले प्रसंग तेवढे थांबतात.

सगळ्याच गेमना सेल नसतो. अमेरिकेत १९८७ मध्ये आलेल्या सोनेरी कॅसेटवाल्या झेल्डामध्ये तो होता, पण त्याच काळातल्या कितीतरी गेममध्ये सेव्ह म्हणजे पडद्यावर येणारा पासवर्ड. तो आपण वहीत उतरवून घ्यायचो. अशी वही सापडली तर त्या पानांचे फोटो काढून ठेवा. गमतीनं म्हणत नाही, ती पानं म्हणजेच त्या गेमचा सेव्ह आहे. प्लेस्टेशनवाल्यांसाठी मेमरी कार्ड: पहिल्या प्लेस्टेशनचं १२८ केबीचं, पंधरा ब्लॉकचं. दुसऱ्याचं ८ एमबीचं. यांत सेल नाही, त्यामुळे घाई थोडी कमी, पण कार्डंही मरतात आणि खोक्यातून हरवतातही.

आता प्रत्यक्ष काम. सेव्ह काढायला आणि गेम काढायला यंत्र एकच लागतं, कॅसेट रीडर. गेमबॉयसाठी जीबीएक्सकार्ट हा छोटा रीडर आहे, त्याच्यासोबत फ्लॅशजीबीएक्स हा प्रोग्राम चालतो. एपिलॉगचा जीबी ऑपरेटर आहे. अनेक प्रकारच्या कॅसेट असतील तर सान्नीचा ओपन सोर्स कार्ट रीडर पाहा. तो आर्डुइनो मेगा या छोट्या हौशी कामाच्या बोर्डवर उभा आहे, आराखडे खुले आहेत आणि हात चालत असेल तर घरी जोडता येतो. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला एक चक्कर मारलीत की त्याचे बरेचसे सुटे भाग मिळून जातात. मला तो सगळ्यांत आवडतो, कारण आत काय चाललंय ते दिसतं.

रीडरला लावण्याआधी कॅसेटची टोकं स्वच्छ हवीत. आपण सगळे लहानपणी फुंकर मारायचो. कॅसेट काढून परत लावल्यामुळे ती चालायची, श्रेय मात्र फुंकरीला मिळायचं. फुंकरीतून ओलावा जातो आणि पितळी-सोनेरी टोकांवर गंज धरतो. कोकणात आणि मुंबईत चार महिने हवा जशी असते, त्यात तर हे आणखी लवकर होतं. कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवायची आणि टोकांवरून हलक्या हातानं फिरवायची. काडी काळी पडली की नवी घ्यायची, ती पांढरी निघेपर्यंत. खोडरबर आणि पॉलिश पेपर नकोत, वरचा मुलामा निघून जातो. कॅसेट उघडायची असेल तर तिला साधा स्क्रूड्रायव्हर लागत नाही, ३.८ मिलिमीटरचा खास बिट लागतो.

टोकं स्वच्छ झाली की नाही, हे गेमबॉय स्वतःच सांगतो. सुरू केल्यावर वरून खाली सरकत येणारा निन्टेन्डोचा लोगो आठवतो? तो लोगो मशीन कॅसेटमधून वाचतं. प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीच्या भागात त्या लोगोचे ४८ बाइट असतात. मशीन ते वाचतं, पडद्यावर सरकवतं आणि आपल्याजवळच्या प्रतीशी ताडून बघतं. जुळले नाहीत तर तिथेच थांबतं. टोकांवर मळ असला की लोगोच्या जागी काळी पट्टी किंवा चुरगळलेली अक्षरं येतात. अशी कॅसेट रीडरला लावून उपयोग नाही, जे मशीनला नीट वाचता आलं नाही ते रीडरलाही येणार नाही.

लोगो नीट आला, कॅसेट रीडरला लावली, की पहिली आज्ञा सेव्ह वाचण्याची. ३२ केबी, काही सेकंदांचं काम. ती फाइल लगेच दोन जागी ठेवा. मगच पुढचं.

सेल बदलायचा असेल तर तो आता, सेव्ह हातात आल्यावर. मल्टिमीटर लावून बघा. चांगला सेल तीन व्होल्टच्या आसपास दाखवतो. आकडा बराच खाली आला असेल तर दिवस भरत आलेत. नवा सेल घेताना दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पट्ट्या जोडलेला घ्या आणि त्या पट्ट्या बोर्डवर सोल्डर करा. सेलच्या अंगावर थेट सोल्डरिंग आयर्न टेकवू नका. लिथियम सेल तापला तर फुटू शकतो. चिकटपट्टीनं बसवलेला सेलही नको, आज चालतो आणि सहा महिन्यांनी हलतो. जुना सेल निघाला की मेमरी रिकामी होणारच. नवा बसवा, काढलेली फाइल रीडरनं परत कॅसेटमध्ये लिहा, आणि कॅसेट मशीनमध्ये घालून बघा. जिथे थांबला होतात तिथेच उभे असाल.

सेव्हबद्दल एक बारीक सूचना. काही इम्युलेटर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करून संगणकावर गेम चालवणारे प्रोग्राम, घड्याळ असलेल्या गेमचा सेव्ह साठवताना फाइलच्या शेवटी घड्याळाची वेळ म्हणून काही बाइट जोडतात. त्यामुळे ३२,७६८ बाइटची फाइल थोडी मोठी होते आणि मग ती कॅसेटमध्ये परत लिहिताना घोळ होतो. म्हणून कॅसेटमधून निघालेली मूळ फाइल वेगळी ठेवा आणि खेळायला तिची नक्कल वापरा.

आता गेमकडे येते. रॉम वाचणं म्हणजे काय, ते जरा जवळून पाहू. गेमबॉयच्या कॅसेटला ३२ टोकं आहेत. त्यातली सोळा पत्त्यासाठी, आठ माहितीसाठी. रीडर सोळा तारांवर एक पत्ता मांडतो आणि आठ तारांवरून त्या पत्त्यावरचा एक बाइट परत येतो. पुढचा पत्ता, पुढचा बाइट. सोळा तारांनी ६४ केबीपर्यंतच पोचता येतं, आणि त्यातलेही ३२ केबीच कॅसेटच्या रॉमच्या वाट्याला आलेले. टेट्रिस नेमका ३२ केबीचा आहे, त्याचं भागतं. पण पोकेमॉन रेड १ एमबीचा. त्यासाठी कॅसेटमध्ये आणखी एक चिप असते, बँक बदलणारी. पूर्ण रॉमचे १६ केबीचे ६४ तुकडे. पहिला कायम समोर, बाकीच्यांपैकी एका वेळी एक. कुठला हवा त्याचा आकडा त्या चिपला सांगायचा, मग तो तुकडा समोर येतो. रीडरला ही चिप कुठल्या जातीची आहे हे नीट कळलं नाही, तर तो आकडे चुकीच्या जागी सांगतो आणि तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाचत राहतो. फाइलचा आकार अगदी बरोबर, नाव बरोबर, सुरुवातीचा लोगोही येतो, आणि आत एकच पान चौसष्ट वेळा. म्हणून नुसत्या आकारावर समाधान मानू नका.

तपासायचं कसं? गेमबॉयच्या कॅसेटमध्ये सोय आहे. सुरुवातीच्या भागात संपूर्ण रॉमच्या बाइटांची बेरीज दोन बाइटांत लिहून ठेवलेली असते. गेमबॉय स्वतः ती तपासत नाही, पण आपल्या कामाची आहे, आणि रीडरचा प्रोग्राम ती ताडून सांगतो. सुपर निन्टेन्डो आणि सेगाच्या मेगा ड्राइव्हच्या कॅसेटमध्येही अशी बेरीज असते. फॅमिकॉम आणि त्याची अमेरिकन आवृत्ती एनईएस यांच्यात नाही. तिथे कॅसेट काढा, पुन्हा लावा, पुन्हा वाचा, आणि दोन्ही फाइलींचे एसएचए-१ ठसे, म्हणजे फाइलीतल्या सगळ्या बाइटांवरून काढलेले छोटे आकडे, ताडून पाहा. एक बाइट जरी वेगळा असला तरी ठसा पूर्ण बदलतो. मग तो ठसा नो-इन्ट्रोच्या यादीत शोधा. जगभरच्या लोकांनी आपापल्या कॅसेट वाचून जमवलेले हे ठसे आहेत. यादीत गेम नसतो, फक्त ठसा असतो. तो जुळला की तुमची प्रत निर्दोष. नाही जुळला तर दोन शक्यता: टोकं पुन्हा पुसायला हवीत, किंवा तुमच्या हातात अशी आवृत्ती आहे जी अजून कुणी नोंदवलेली नाही. दुसरी शक्यता तुम्हाला वाटते तितकी दुर्मीळ नाही. आपल्याकडच्या कॅसेटबाबत तर मुळीच नाही.

इथून मी माझ्या सगळ्यांत जिव्हाळ्याच्या भागाकडे येते.

नव्वदच्या दशकात आपल्या घरात जे मशीन होतं ते निन्टेन्डोचं नव्हतं. समुराई होता, लिटिल मास्टर होता, आणि नावंही धड नसलेले कितीतरी. आतून सगळे फॅमिकॉमचेच नकलाकार. कॅसेटला ६० टोकं, फॅमिकॉमसारखीच. अमेरिकन एनईएसच्या कॅसेटला ७२ असतात, त्यामुळे एनईएससाठीच्या रीडरमध्ये आपली कॅसेट बसत नाही, मध्ये अ‍ॅडाप्टर लागतो. आणि त्या कॅसेट! ‘९९९९ इन १’ असं लेबल, आत मोजके गेम, आणि यादीत तेच तेच पुन्हा: कुठे जिवांची संख्या बदललेली, कुठे थेट पुढच्या टप्प्यापासून सुरू होणारे. नॅमकोच्या १९८५ च्या बॅटल सिटीत फेरफार करून बनवलेला टँक १९९० आपल्याकडे इतका खेळला गेला की मूळ गेमचं नाव अनेकांना माहीतही नाही.

अशी एक कॅसेट उघडून बघा. आत नीट पायांची चिप दिसत नाही. हिरव्या किंवा तपकिरी बोर्डवर काळ्या इपॉक्सीचा एक गोळा असतो. सिलिकॉनचा उघडा तुकडा थेट बोर्डला जोडून त्यावर तो ओतलेला. कधी असे दोन-तीन गोळे, शेजारी एखादी साधी लॉजिक चिप. ती लॉजिक चिप म्हणजेच यांचा मॅपर, म्हणजे मेनूतून गेम निवडला की रॉमचा बरोबर तुकडा समोर आणणारी व्यवस्था. कुठल्या कारखान्यात कुणी काय जोडलं याचा ठरावीक नियम नाही. त्यामुळे एका कॅसेटची पद्धत दुसरीला लागू पडेलच असं नाही.

याचा त्रास इम्युलेटरवर येताना होतो. सुपर मारिओ ब्रदर्सचं उदाहरण घ्या. कॅसेटमध्ये ३२ केबी प्रोग्राम आणि ८ केबी चित्रं. इम्युलेटरच्या फाइलीचा आकार मात्र ४०,९७६ बाइट, म्हणजे १६ बाइट जास्त. ते कॅसेटमधून आलेले नाहीत. मारत फैझुलिन यांच्या आयएनईएस या इम्युलेटरनं रूढ केलेलं ते डोकं आहे. आधी एन, ई, एस ही अक्षरं, एक खुणेचा बाइट, मग प्रोग्राम किती, चित्रं किती आणि मॅपर कितवा. माणसानं लिहिलेली ही चिठ्ठी इम्युलेटर वाचतो आणि त्याप्रमाणे वागतो. चिठ्ठी चुकली तर रॉम शंभर टक्के अचूक असूनही पडद्यावर कचरा दिसतो. आपल्याकडच्या या बहु-गेम कॅसेटसाठी पुष्कळदा आयएनईएसची मूळ चिठ्ठी अपुरी पडते आणि एनईएस २.० हा वाढवलेला नमुना वापरावा लागतो.

आता प्रामाणिकपणे एक सांगितलं पाहिजे. या कॅसेट मूळ कंपन्यांच्या परवानगीनं बनलेल्या नव्हत्या. म्हणून त्यांच्यातल्या गेमची प्रत हा तुमचा कायदेशीर बॅकअप आहे असं मी म्हणणार नाही, आणि ती कुणाला वाटू नका. पण त्यांची नोंद ठेवायला कुणाची आडकाठी नाही, आणि ती आज फारसं कुणी नीट ठेवत नाही. लेबलचा फोटो, बोर्डच्या दोन्ही बाजूंचे फोटो, बोर्डवर छापलेला आकडा, मेनूचा फोटो, खरेच वेगळे गेम किती निघाले, कॅसेट कुठल्या शहरात आणि साधारण कुठल्या साली घेतली. जपानमध्ये आणि अमेरिकेत संग्राहकांनी अधिकृत कॅसेटच्या बहुतेक आवृत्त्या पडताळून ठेवल्या आहेत. कोल्हापूरच्या किंवा नागपूरच्या जत्रेत विकली गेलेली पिवळी कॅसेट त्यांच्या हाती येणार कशी? ती फक्त आपल्याकडे आहे.

कायद्याचं बोलते, कारण हा प्रश्न नेहमी येतो. मी वकील नाही, पण कलमं वाचलेली आहेत. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो. कलम ५२ मध्ये कशाला उल्लंघन मानायचं नाही याची यादी आहे. त्यातला ‘एए’ खंड प्रत कायदेशीरपणे जवळ असणाऱ्याला नाश किंवा नुकसान यांपासून तात्पुरतं संरक्षण म्हणून त्याच प्रतीवरून बॅकअप घेऊ देतो. ‘एडी’ खंड कायदेशीर मार्गानं मिळवलेल्या स्वतःच्या प्रतीवरून बिगरव्यापारी वैयक्तिक वापरासाठी प्रत काढू देतो. दोन्हीकडे पाया एकच आहे: तुमची स्वतःची, सरळ मार्गानं आलेली प्रत. इंटरनेटवरून दुसऱ्यानं काढलेली फाइल घेतली तर हा पाया उरत नाही, मग तोच गेम तुमच्या कपाटात असला तरी. कॅसेट विकून फाइल ठेवणंही मला त्यात बसत नाही असं वाटतं. २०१२ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम ६५ए हक्काचं उल्लंघन करण्याच्या हेतूनं संरक्षणाचं कुलूप तोडणाऱ्याला शिक्षा सांगतं, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. तिथे हेतूला महत्त्व आहे. आणि गेममध्ये प्रोग्रामखेरीज चित्रं आणि संगीतही असतं, त्यामुळे प्रत आपल्या घरापुरती ठेवणं हाच शहाणपणा.

इम्युलेटर हा मुळातच बेकायदेशीर असतो, ही समजूत मात्र सोडून द्या. प्लेस्टेशनचा इम्युलेटर बनवणाऱ्या कनेक्टिक्सविरुद्ध सोनी न्यायालयात गेली होती. २००० साली अमेरिकेतल्या नवव्या सर्किट न्यायालयानं कनेक्टिक्सच्या बाजूनं निकाल दिला. प्लेस्टेशनच्या बायोसचा, म्हणजे मशीनमध्येच असलेल्या मूळ प्रोग्रामचा, उलगडा करण्यासाठी त्यांनी केलेल्या मधल्या प्रती न्याय्य वापरात बसतात, असा तो निर्णय होता. बायोसची फाइल ज्या इम्युलेटरला लागते, तिथे तीही स्वतःच्या मशीनमधूनच काढा.

डिस्कवर येऊ. पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्क काळ्या दिसतात. डोळ्यांना काळ्या, पण लेसरचा प्रकाश अवरक्त असतो आणि तो त्या प्लास्टिकमधून आरपार जातो. म्हणून साध्या संगणकाच्या ड्राइव्हमध्येही त्या वाचता येतात. डिस्कच्या आतल्या वर्तुळात बर्नरला उतरवता न येणारी डुगडुगती खाच आहे. मशीन नक्कल ओळखतं ते तिच्यावरून. इम्युलेटरला तिची गरज नाही, तेव्हा आपल्याला तिच्या मागे लागायचं कारण नाही.

मोठी चूक होते ती फाइलच्या प्रकारात. सीडीचा एक सेक्टर २,३५२ बाइटचा असतो. आयएसओ बनवताना त्यातले २,०४८ घेतले जातात आणि बाकीचे टाकून दिले जातात. प्लेस्टेशनच्या गेममध्ये चित्रफिती आणि आवाज ज्या सेक्टरांत असतात, तिथे एका सेक्टरात २,३२४ बाइट खरी माहिती असते. आयएसओ केलं की ती कापली गेली. शिवाय काही गेमचं संगीत साध्या ऑडिओ सीडीसारखं वेगळ्या ट्रॅकवर असतं, ते आयएसओत येतच नाही. गेम सुरू होतो, पण मुका. म्हणून पहिल्या प्लेस्टेशनसाठी बिन आणि क्यू अशी फाइलींची जोडी बनवा, पूर्ण २,३५२ बाइटांची. युरोपसाठी बनलेल्या काही डिस्कवर लिबक्रिप्ट नावाचं संरक्षण आहे. ते सेक्टरांच्या बाहेर, सबचॅनेलमध्ये असतं, तेव्हा तेही वाचून घ्यावं लागतं. पीएस२, म्हणजे दुसऱ्या प्लेस्टेशनच्या डीव्हीडीला मात्र आयएसओ चालतं. जागा वाचवायची तर मेम या आर्केड इम्युलेटरवाल्यांच्या सीएचडी या फाइल-प्रकारात दाबून ठेवा. त्यात काही गमावलं जात नाही, पूर्ववत करता येतं. ठसे ताडायला कॅसेटसाठी जशी नो-इन्ट्रोची यादी, तशी डिस्कसाठी रीडम्पची.

डिस्क हाताळताना सगळे खालची बाजू जपतात. सीडीमध्ये खरी नाजूक बाजू वरची, लेबलची. चकाकणारा थर तिथेच, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. खालच्या प्लास्टिकवरचा ओरखडा पॉलिश होऊ शकतो, वरून बॉलपेननं लिहिलेलं नाव त्या थराला कायमचं छेदून जातं. भावंडांची भांडणं नकोत म्हणून आपण डिस्कवर नावं लिहायचो, त्या डिस्क आधी वाचायला घ्या.

आणि पीएस२ वाल्यांना माझी कळकळीची विनंती. आपल्या देशात या मशीनसाठी गेम बनले. २००९ मध्ये हनुमान: बॉय वॉरियर आला, त्याच वर्षी कबड्डीसारख्या आपल्या खेळांवरचा देसी अड्डा आला, आणि अगदी शेवटी, २०१३ मध्ये डॉन २ वरचा गेम. ते गेम म्हणून फार थोर होते असा माझा दावा नाही. पण भारतात कन्सोलसाठी गेम बनवायला सुरुवात कशी झाली, हे पुढे कुणाला बघायचं असेल तर याच डिस्क लागतील. रस्त्यावर पन्नास रुपयांना मिळणाऱ्या नकली डिस्कच्या ढिगात या अस्सल डिस्क थोड्याच खपल्या. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम बाजारात कुठल्याच रूपात मिळत नाहीत असं दिसलं. गेमबॉयचे तर सहा टक्केही मिळत नव्हते. ही त्या देशाची स्थिती, जिथे हे मोजायला संस्था आहे. आपल्याकडे अजून यादी बनवण्यापासून सुरुवात आहे. तेव्हा कुणाकडे यांतली एखादी डिस्क असेल तर ती जगप्रसिद्ध गेमच्या आधी वाचा.

साठवणुकीचं थोडक्यात. प्रत तीन ठिकाणी, त्यातलं एक घराबाहेर. प्रत्येक फाइलीबरोबर तिचा ठसा साध्या मजकुराच्या फाइलीत. त्याच फोल्डरमध्ये कॅसेटचे फोटो, आणि कधी, कुठल्या रीडरनं, कुणी वाचलं ते. भाषांतराचा किंवा फसवणुकीच्या कोडचा पॅच लावायचा असेल तर नकलेला लावा. वर्षातून एकदा ठसे पुन्हा ताडून पाहा. हार्ड डिस्कही मरतात आणि सांगून मरत नाहीत.

श्रोत्यांतून मघाशी एका मुलीनं चिठ्ठी पाठवली: एवढं सगळं नीट केल्यावर मूळ कॅसेट ठेवायची कशाला? चांगला प्रश्न आहे. कायद्याचं कारण सांगून झालं, तुमचा हक्क त्या कॅसेटवर उभा आहे. दुसरं कारण जुन्या लोकांना ठाऊक आहे. नव्वदच्या दशकात एनईएसच्या फाइली हाताळणारं एक साधन त्या सोळा बाइटांच्या डोक्यात, रिकाम्या ठेवायच्या जागी, स्वतःचं नाव लिहून ठेवायचं: डिस्कड्यूड. तेव्हाच्या इम्युलेटरना त्या जागेशी देणंघेणं नव्हतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढे मॅपरच्या आकड्याचा उरलेला भाग त्याच जागेतून वाचायचं ठरलं. त्या नावातलं पहिलं डी हे अक्षर आकडा म्हणून वाचलं गेलं आणि मॅपरच्या क्रमांकात ६४ ची भर पडली. काल चालणारा गेम आज उघडेना. असल्या फाइली वर्षानुवर्षं फिरत राहिल्या, एकमेकांच्या नकलांच्या नकला होऊन. कुठली चिठ्ठी खरी आणि कुठली बिघडलेली, याचा वाद नुसत्या फाइलींवरून मिटत नव्हता. ज्यांनी कॅसेट विकल्या नव्हत्या, त्यांनी त्या उघडल्या, बोर्डवरचा आकडा आणि चिपवरची अक्षरं वाचली, आणि नोंदी दुरुस्त केल्या.

तेव्हा बाळा, कॅसेट ठेव. आणि सोबत आणली असशील तर मागच्या टेबलावर रीडर लावलेला आहे, सेव्ह आत्ताच काढून घेऊ.